शाळा सुटून वीस वर्षं झाली, आता घरी बसून दहावी होईल का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही लिहिलंय की गाव उचगावच्या बाजूला, वय ३४. मराठी शाळेत आठवी पास झालात, नववीत आई आजारी पडली आणि शाळा सुटली. आता दोन मुलं आहेत, मालक उद्यमबागेत फौंड्रीत कामाला, घरचं थोडं भाताचं शेत. गावात अंगणवाडीची किंवा तसलीच एखादी जागा निघाली तर दहावी विचारतात, म्हणून करायची आहे. आणि विचारलंय तीन गोष्टी: कुठल्या बोर्डाची करू, रोज किती तास बसावं लागेल, आणि गणित-कन्नडची भीती वाटते तिचं काय करू.

मी बेळगावात मराठी हायस्कूलला शिकवत होते. गेली चौदा-पंधरा वर्षं संध्याकाळी घरी मोठ्या वयाच्या बायकांना आणि काही पुरुषांनाही दहावीसाठी बसवते. यंत्रमागावर काम करणाऱ्या, शेतातल्या, दुकानात बसणाऱ्या, एक तर नातवंडं झालेल्या आजी. त्या अनुभवातून सांगते. तुमची खरी अडचण बोर्डाची नाही आणि तासांचीही नाही. शाळेतल्या मुलीसारखा अभ्यास करायचा असं तुम्ही मनात धरलंय: सगळे विषय एकदम, रोज दोन-तीन तास, वर्षाच्या शेवटी एकच परीक्षा. माझ्याकडं येऊन ज्या मधेच थांबल्या, त्यातली बुद्धी कमी पडली म्हणून थांबलेली मला एकही आठवत नाही. सगळ्या थांबल्या त्या असला शाळेचा साचा संसारात बसवायला गेल्या म्हणून.

आता बोर्डाचं. तुमच्यापुढं तीन वाटा आहेत.

पहिली आपल्या कर्नाटकची एस.एस.एल.सी., म्हणजे इथली दहावी, खासगी उमेदवार म्हणून. सहा पेपर, एकूण ६२५ गुण. त्यात पहिली भाषा १२५ ची आणि बाकी पाच विषय शंभर-शंभरचे. मराठी पहिली भाषा म्हणून चालते आणि पेपरही मराठीतून सोडवता येतात. फायदा असा की पुस्तकं शेजारच्या मुलीकडं मिळतील, शिकवणीला कोणीही मिळेल, आणि कन्नड विषय त्यातच येतो. अडचण अशी की सहाच्या सहा विषयांना एकदम बसायचं, गणित-विज्ञान टाळता येत नाही. २०२४ पासून वर्षात एकाहून जास्त परीक्षा घेतात, त्यामुळं राहिलेला विषय काही महिन्यांत पुन्हा देता येतो. हा बदल फार चांगला झाला. पूर्वी एका गणितासाठी मुली वर्ष वर्ष घरी बसायच्या.

दुसरी वाट महाराष्ट्राच्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचा. चंदगड-गडहिंग्लजकडं माहेर असलेल्या बायका याबद्दल हमखास विचारतात. तुम्ही राहता इकडं, नोकरी बघणार इकडं. तुमच्यासाठी मी ती वाट धरणार नाही.

तिसरी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एन.आय.ओ.एस. ही १९८९ साली सुरू झाली, केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाखाली चालते आणि तिची दहावी इतर बोर्डांच्या दहावीइतकीच धरली जाते. वयाला खालची अट १४ वर्षं, वरची काही नाही. पाच विषय घ्यायचे, त्यात एक भाषा तरी हवी, दोन घेतल्या तरी चालतात. मराठी माध्यम आहे. पास व्हायला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट ही: एकदा नाव घातलं की पाच वर्षं चालतं, तेवढ्यात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. या वेळी दोन विषय दिले, पुढच्या वेळी एक, असं करत गेलात तरी पास झालेले विषय तसेच जमा राहतात.

माझा कल तिसऱ्या वाटेकडं का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. पण एक अट आहे, आणि ती मी प्रत्येकीला पहिल्या दिवशी घालते. दहावी कशासाठी हवी ते कागदावर असलं पाहिजे. "कुठंतरी उपयोग होईल" म्हणून विषय निवडू नका. अंगणवाडीचीच जागा डोळ्यापुढं असेल तर बालविकास खात्याची मागच्या वेळची जाहिरात मिळवा आणि शब्द न् शब्द वाचा. दहावी कुठल्या पदासाठी चालते, बारावी कुठं मागितली आहे, आणि दहावीला कन्नड विषय असण्याबद्दल काय लिहिलंय, हे तिघींनी तीन तऱ्हेनं सांगितलेलं ऐकून चालत नाही. माझ्याकडच्या एकीनं मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषा घेऊन छान गुणांनी दहावी केली, आणि ज्या जागेसाठी केली तिथं कन्नड विषय मागितला होता. तिला मागाहून तो विषय वेगळा द्यावा लागला. दिला तिनं, पण एक भरती हातची गेली.

म्हणून तुमच्यासाठी आज मी मनात धरलेले विषय असे: मराठी, कन्नड, सामाजिक शास्त्र, गृहविज्ञान, आणि पाचवा गणित. गणिताऐवजी दुसरा सोपा वाटणारा विषय घेता येतो, ती मोकळीक एन.आय.ओ.एस.मध्ये आहे. ज्यांना फक्त "दहावी पास" एवढाच शिक्का हवा असतो त्यांना मी तसं सुचवतेही. पण तुमचं वय ३४ आहे. उद्या आय.टी.आय., नर्सिंगकडचा एखादा कोर्स, पुढं बारावी असं काही मनात आलं तर गणित-इंग्रजी नाही म्हणून दार बंद होऊ शकतं. पाच विषयांवर आणखी जास्तीचे विषय घेता येतात, तेव्हा इंग्रजीचं नंतर बघू. गृहविज्ञानाला प्रात्यक्षिकं असतात, त्यासाठी अभ्यास केंद्रावर जावं लागेल. ११ जून २०२३ पासून आपल्याकडं बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झालाय, त्यामुळं निदान येण्याजाण्याच्या पैशासाठी कुणापुढं हात करावा लागणार नाही. पैसे भरण्याआधी मात्र केंद्रात दोन गोष्टी विचारा: या विषयांची मराठी पुस्तकं मिळतात का, आणि परीक्षेचं केंद्र कुठं पडतं.

इथं एक सावधगिरी. "एका महिन्यात दहावी, परीक्षेला बसायची गरज नाही" असं सांगणारी माणसं तालुक्याच्या गावात झेरॉक्सच्या दुकानापर्यंत पोचलेली आहेत. खानापूर भागातल्या एका बाईंनी अशा एजंटाला पंधरा हजार दिले होते, ते पण गळ्यातलं गहाण ठेवून. रंगीत गुणपत्रिका आली, त्यावर बोर्डाचं भारदस्त नाव होतं. अर्ज तपासताना ते बोर्डच कुठं मान्य नाही असं निघालं. त्या माझ्याकडं आल्या तेव्हा तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत, दोन घड्या करून, जपून ठेवलेला होता. मला तो टाकून द्या म्हणवेना. एन.आय.ओ.एस.चं नाव तुम्ही स्वतः त्यांच्या संकेतस्थळावर किंवा मान्य केंद्रात जाऊन घाला. फॉर्म भरायला गल्लीतल्या कॉलेजच्या पोराची मदत घ्या, पण पैसे तुमच्यासमोर भरले जाऊ देत आणि पावती तुमच्या हातात येऊ दे.

कागदपत्रांत बायकांचं एक हमखास अडतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी. जन्मतारखेचं तर विचारूच नका, आपल्या पिढीतल्या कितीजणींची १ जून आहे बघा, गुरुजींनी घातलेली. दहावीचं प्रमाणपत्र पुढं जन्मभर वयाचा पुरावा म्हणून चालतं, म्हणून ही गाठ आधी सोडवायची. जुन्या शाळेतून टी.सी. काढा. शाळा बंद झाली असेल किंवा रजिस्टर सापडत नसेल तर बी.ई.ओ., म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचारायचं. नावातला फरक लग्नाच्या दाखल्यानं किंवा प्रतिज्ञापत्रानं जुळवून घ्या आणि मगच फॉर्म भरा. एकदा प्रमाणपत्र छापून आल्यावर दुरुस्ती करणं म्हणजे हेलपाट्यावर हेलपाटे.

आता तासांचं, म्हणजे वेळेचं. इथं थोडं सविस्तर लिहिते, कारण दहावी इथंच होते किंवा राहते.

तुमचं शेत भाताचं आहे. मे अखेरीपासून धूळवाफ पेरणी, मग कोळपण-भांगलण, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुगी. ऑक्टोबरची परीक्षा आणि भाताची कापणी एकाच वेळी येते. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मला हे उमगलं नव्हतं. पाचजणींची नावं ऑक्टोबरसाठी घातली आणि त्यातल्या तिघी पेपरला आल्याच नाहीत. चूक माझी होती. पीक शिवारात उभं आणि वर ढग, अशा दिवशी कुठली शेतकरीण पेपरला जाईल? तेव्हापासून शेतवाल्या बायकांना मी मोठे विषय एप्रिललाच द्यायला लावते. एप्रिलसाठी साधारण आदल्या वर्षीच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात नाव घालावं लागतं, हे ध्यानात ठेवा. मळणी होऊन भात घरात आलं की डिसेंबरपासून मार्चपर्यंतचा काळ तुमचा. एप्रिल-मेत लग्नं आणि गावच्या यात्रा असतात, पै-पाहुणा असतो, पण पेपर दोनच असतील तर तेवढे दिवस काढता येतात. घरच्यांना ते दिवस दोन महिने आधी सांगून ठेवायचे, कॅलेंडरवर खुणा करून.

माझा हिशोब असा. पहिल्या एप्रिलला मराठी आणि सामाजिक शास्त्र. ऑक्टोबर सोडा, किंवा सुगीला घरात माणसं असतील तर एकटं गृहविज्ञान. दुसऱ्या एप्रिलला गणित आणि कन्नड, राहिलं असेल तर गृहविज्ञानही. दोन वर्षं. तुम्हाला वाटेल फार झाली. वीस वर्षं थांबलात, आणि घाईनं पाचही विषय घेऊन तीन राहिले की मन असं खचतं की पुन्हा पुस्तक हातात धरवत नाही.

रोजचं म्हणाल तर तास ठरवू नका, खूणगाठ ठरवा. मुलं शाळेला गेली, दार लावलं, बसले. किंवा रात्री भांडी आवरून झाली की बसले. चाळीस मिनिटं पुरेत. माझ्याकडं प्रत्येकीच्या वहीत शेवटची ओळ ठरलेली असते: "उद्या इथून." त्यापुढं पान नंबर आणि पुढचं पहिलं वाक्य लिहायचं. दुसऱ्या दिवशी बसल्यावर कुठं होते, काय वाचत होते, यात वेळ जात नाही, आणि बसायचा कंटाळाही येत नाही. दिवस बुडणारच. मूल आजारी पडेल, पाहुणे येतील, शेतात बाया सांगितलेल्या असतील. बुडलेला दिवस भरून काढायला जाऊ नका. "काल बसले नाही म्हणून आज दुप्पट" असं सुरू झालं की चौथ्या दिवशी वही कपाटात जाते. वही उघडा, "उद्या इथून" शोधा आणि तिथून पुढं चला.

लिहायची सवय वेगळी करावी लागते. वाचलेलं डोक्यात असतं पण हात चालत नाही. वडगावची एक बाई दिवसभर मागावर काम करायची, मनगटात जोर होता, तरी पहिल्या दिवशी अर्ध्या पानात तिचा हात भरून आला. पेन इतकं दाबून धरायची की मागच्या पानावर अक्षरं उमटायची. पहिला महिना तिला मी उत्तरं लिहायला दिलीच नाहीत. रोज पेपरातली एक बातमी उतरवून काढायची, बस. आधी पाच ओळी, मग दहा, मग पान. तिसऱ्या महिन्यात ती दीड तास सलग लिहायला लागली. हे तुम्हीही करा. एन.आय.ओ.एस.मध्ये घरून लिहून द्यायचे स्वाध्याय असतात, त्यांना २० टक्के वजन असतं. ते दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. गुण मिळतात, पण हाताचा सराव बुडतो आणि पेपरात अर्ध्या वेळात दम संपतो. आणि वाचताना डोकं दुखत असेल तर अभ्यासाला दोष देऊ नका, आधी डोळे तपासून घ्या.

गणिताची भीती. तुम्ही बचत गटात आहात का? असाल तर ऐका. माझ्यासमोर एक बाई बसली होती, म्हणाली, "बाई, मला टक्के येत नाहीत, शाळेतच नव्हते येत." मी विचारलं, गटातून दहा हजार घेतले, शेकडा दोननं, दहा महिन्यांनी फेडले, तर व्याज किती? क्षणभरही न थांबता म्हणाली, "दोन हजार की." कसं? "शंभराला दोन, म्हणजे दहा हजाराला महिन्याला दोनशे. दहा महिन्याचे दोन हजार." मी तेच वहीवर मांडलं. शेकडा दोन म्हणजे महिन्याला २ टक्के, वर्षाला २४. मुद्दल १०,०००, दर २४, काळ १० महिने म्हणजे वर्षाचे १० छेद १२. तिघांचा गुणाकार करा, शंभरानं भागा, येतात २,०००. ती बराच वेळ त्या आकड्यांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हे टक्के म्हणजे शेकडाच?" हो, शेकडाच. तुम्हाला गणित येतं, पुस्तकातली त्याची नावं येत नाहीत. म्हणून दहावीचं पुस्तक आधी उघडू नका. तुमच्या मुलाचं सहावी-सातवीचं गणिताचं पुस्तक घ्या आणि अपूर्णांक, टक्केवारी, सरळव्याज एवढं दोन महिने करा. मुलाकडून शिकायला संकोच करू नका, त्याचंही पक्कं होतं. बीजगणित अवघड जाईल, ते मान्य. त्यातली सोपी समीकरणं, सांख्यिकी, क्षेत्रफळ, व्याज आणि नफा-तोटा एवढं पक्कं केलंत तर ३३ लांब राहत नाहीत.

कन्नडचं वेगळं आहे. बाजारात तुम्ही कन्नड बोलता, निदान समजून घेता. भीती आहे ती लिपीची. पण वर्णमाला आपल्यासारखीच आहे: क ख ग घ त्याच क्रमानं, ळ सुद्धा आहे. नवं काय, तर ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन प्रकार. रोज पाच अक्षरं घ्या आणि बसच्या पाट्या वाचा. बेळगावच्या बसस्थानकावर गाडी येईपर्यंत जे थांबता, तो वेळ कन्नडचा धरा. गावाचं नाव तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळं पाटीवरचं अक्षर आपोआप ओळखीचं होतं. असं करून एक बाई सात आठवड्यांत वाचायला लागली. लिहायला मात्र वर्ष लागतं, म्हणून कन्नड दुसऱ्या वर्षाला ठेवलं तरी अक्षरांची सुरुवात आजच करायची.

सामाजिक शास्त्र पाठ करू नका. १९२४ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन आपल्या टिळकवाडीत भरलं होतं, गांधीजी अध्यक्ष झाले ते तेवढंच एक अधिवेशन. त्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. मी नव्या बायकांना एकदा तिथं घेऊन जाते. विहिरीच्या कठड्यावर हात ठेवून उभं राहिलं की असहकार आधी की सविनय कायदेभंग आधी हा घोळ पुन्हा होत नाही: विहिरीच्या आधीचं असहकार, विहिरीच्या नंतरचं सविनय कायदेभंग.

लोक काय म्हणतील हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नात शेवटी "कुणाला सांगितलं नाही" असं लिहिलंय. पहिल्या पेपरला एका बाईला केंद्राच्या फाटकावर थांबवलं होतं. "पालकांनी बाहेर थांबायचं" असं तिला सांगितलं. तिनं पर्समधून हॉल तिकीट काढून पुढं केलं. हात थरथरत होता, मी रस्त्याच्या पलीकडून बघत होते. त्या माणसानं तिकीट पाहिलं, बाजूला झाला आणि म्हणाला, "या अक्का, वर्ग पहिल्या मजल्यावर." गावात सगळ्यांना सांगायची गरज नाही. पण मालकांना आणि मुलांना आजच सांगा. चाळीस मिनिटं दार लावून बसायचं तर घरात कुणीतरी चहाचं भांडं उतरवायला हवं.

आता या आठवड्यात दोनच कामं करा. जुन्या शाळेत जाऊन टी.सी.साठी अर्ज द्या, जाताना आधारची झेरॉक्स आणि कुठल्या वर्षी शाळा सोडली ते लिहून न्या, म्हणजे रजिस्टर लवकर सापडतं. आणि ती जाहिरात मिळवा. मिळाली की त्यातली शिक्षणाची आणि कन्नडची ओळ मला जशीच्या तशी लिहून पाठवा. मग पाच विषय पक्के करू.